परदेशी जाऊन दरिद्री कुटुंबांची सेवा

(उपदेशक व वडील यांच्या अभ्यासवर्गासाठी. वाचन : प्रेषितांची कृत्ये ११:२७–३०, २ करिंथ ८:१–२१.)

आजच्या पाठाचा विषय पुष्कळ वाचकांस दूरचा वाटेल. आपला देश सोडून परक्या देशातील गरीब कुटुंबांच्या साह्यास जाणे हे विलायतेच्या किंवा अमेरिकेच्या सुखवस्तू लोकांचे काम. आपण खेडेगावचे लोक, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आपल्या मंडळ्यांत अशी घराणी थोडीथोडकी नाहीत की, ज्यांचे पणजोबा इ. स. १८९९–१९०० च्या दुष्काळात परदेशी माणसांनी चालविलेल्या अन्नछत्रावर किंवा अनाथगृहात वाचले. तेव्हा हा विषय घेणाऱ्याच्या बाजूने आपणांस ठाऊक आहे. भाकर कोणत्या रीतीने दिली हे देणारा विसरतो, घेणारा विसरत नाही. म्हणून परदेशी जाऊन सेवा कशी करावी हे शिकविण्याचा अधिकार आपल्यासारख्यांस थोडाबहुत आहे असे आम्हांस वाटते.

वाचनाचे दोन्ही भाग वर्गात सावकाश वाचावेत. यहूदीयातील बंधू दुष्काळाने गांजले असता अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी जमविली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती पाठविली. पुढे मासेदोनियाच्या मंडळ्यांनी, स्वतः कंगाल असता, हेच केले. येथे दोन गोष्टींकडे उपदेशकांनी लक्ष वेधावे. पौल या साह्यास उपकार समजत नाही. आज एकाजवळ अधिक आहे, उद्या दुसऱ्याजवळ असेल, आणि दोघेही एका पातळीवर राहावेत, असा त्याचा विचार आहे. शिवाय तो पैसा एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, अशासाठी की एवढ्या रकमेविषयी कोणी बोट दाखवू नये. प्रेषित असूनही त्याने हिशेबाला साक्षीदार मागितला. पुढील हकिकतीत या दोन्ही गोष्टी आपणांस पुन्हा भेटतील.

पियेर सेरेसोल यांचे नाव आपल्या खेड्यांत फारसे कोणास ठाऊक नाही, आणि त्याचे आम्हांस वाईट वाटते. हे गृहस्थ स्वित्झर्लंड देशाचे. जन्म १८७९ साली लोझान शहरी. त्यांचे वडील १८७३ साली त्या देशाचे अध्यक्ष होते. म्हणजे घरी मानमरातबाला तोटा नव्हता. स्वतः ते इंजिनिअर. परंतु वडिलांकडून आलेली संपत्ती त्यांनी सरकारास देऊन टाकली, आणि पहिल्या महायुद्धात, ख्रिस्ताच्या अनुयायाने शस्त्र धरू नये असे म्हणून लष्करी कर भरण्याचे नाकारले. त्यापायी त्यांस तुरुंगवास घडला. युद्ध संपल्यावर त्यांच्या मनात आले की, ज्या शिस्तीने तरुण लोक गावे उद्ध्वस्त करण्यास जातात, त्याच शिस्तीने ती बांधण्यास का जाऊ नये? १९२० च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळच्या एका जमीनदोस्त झालेल्या खेड्यात ते थोड्या सोबत्यांसह गेले. सोबत्यांत जर्मन तरुणही होते. सुमारे पाच महिने त्यांनी लाकडी घरे उभारली, रस्ते नीट केले, शेते साफ केली. पुढे जर्मनांस येथून काढावे असा हट्ट तिकडच्या अधिकाऱ्यांनी धरला, तेव्हा सारी तुकडीच सामान बांधून निघाली. भावाला बाहेर ठेवून केलेली सेवा त्यांस नको होती.

या कामातून पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. १९२८ साली लिख्टेनश्टाइन या लहानशा देशात, ऱ्हाइन नदीच्या पुराने शेतांवर आणून टाकलेली वाळू व गोटे उपसण्यास सातशेहून अधिक स्वयंसेवक निरनिराळ्या देशांतून आले. पगार कोणास नव्हता. राहण्यास जागा व खाण्यास अन्न एवढेच.

येथवर सर्व ठीक. परंतु १९३१ साली हे लोक वेल्स प्रांतातील ब्रिनमार गावी गेले, तेव्हा एक निराळाच प्रश्न उभा राहिला, आणि तो आजच्या पाठाचा गाभा आहे. ब्रिनमार हे कोळशाच्या व लोखंडाच्या धंद्यावर वाढलेले गाव. धंदा बसला, खाणी बंद झाल्या, आणि बहुतेक पुरुष बेकार होऊन घरी बसले. क्वेकर पंथाची काही मंडळी तेथे आधीपासून काम करीत होती. त्यांच्या साह्यास सेरेसोल यांचे स्वयंसेवक आले व त्यांनी बेकार गावकऱ्यांच्या बरोबर खांद्याला खांदा लावून कचऱ्याची जागा साफ केली, बाग केली, मुलांसाठी पोहण्याचा तलाव बांधला. हेतू चांगला, श्रम खरे. तरी गावातील काही कामगार पुढाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या गावात कामाची वाण नाही, मजुरीची आहे. तुम्ही फुकट खणू लागलात तर आम्हांस पैसे देऊन कोण खणावयास लावील?

आमच्या मते हा आक्षेप रास्त होता. आपल्याकडील कोणताही शेतमजूर तो एका क्षणात समजेल. उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईला, शेजारी कोणी फुकट खडी फोडू लागला तर काय वाटेल? ब्रिनमारच्या क्वेकर मंडळींस ही गोष्ट कळत होती, म्हणून त्यांनी बुटांचा व लाकडी सामानाचा असे कारखाने काढले आणि गावच्या माणसांस त्यांत शिकवून मजुरीवर घेतले. लाकडी सामानाचा कारखाना १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात लाकूड मिळेनासे झाल्यावर, बंद पडला. तरी तेथील खुर्च्या व कपाटे आजही लोक जपून ठेवतात. पोहण्याच्या तलावाने मुले आनंदली, पण घरची चूल पेटली ती खुर्च्यांवर. दोन्ही करणारे लोक एकाच भक्तीचे होते. फरक इतकाच की, खुर्चीच्या कामात गावच्या माणसास कारागिराचा मान व आठवड्याची मजुरी मिळाली.

आता आपल्या देशाकडे येऊ. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार व नेपाळ येथे भयंकर भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. मुंगेर शहर कोसळले. मुझफ्फरपूरकडील जमिनीस भेगा पडून त्यांतून पाणी व वाळू उसळली. शेते वाळूखाली गेली, विहिरी भरून गेल्या, साखरेचे कारखाने मोडल्यामुळे उभ्या उसाचे काय करावे हे कुळांस कळेना. जमिनीची पातळी बदलल्यामुळे, पूर्वी जेथे पुराचे पाणी येत नसे तेथे ते येऊ लागले. म्हणजे पडलेले घर त्याच जागी पुन्हा बांधण्यात अर्थ उरला नाही. राजेंद्रप्रसाद त्या वेळी सरकारच्या कैदेत होते. सुटका होताच त्यांनी बिहार मध्यवर्ती साह्य समिती उभी केली.

ही बातमी ऐकून सेरेसोल आले. त्या वेळी त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. त्यांच्या येण्याची रीत पाहावी. प्रथम ते पाहण्यास व विचारण्यास आले. राजेंद्रप्रसादांस भेटले, गांधीजींस भेटले, सरकारी अंमलदारांस भेटले, खेडी हिंडले. काय करावयाचे ते ठरल्यावर परत युरोपात गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तीन सोबती घेऊन पुन्हा आले. फक्त तीन! बिहारात लाखो रिकामे हात असता चार युरोपियनांच्या हातांची काय मातब्बरी, असे आमच्या वाचकांस वाटेल. मातीची टोपली मोजली तर काहीच नाही. परंतु त्या काळी सरकार व काँग्रेस यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, आणि एक पडलेले गाव उंच जागी हलवावयाचे तर दोघांचीही गरज होती. ज्याला दोघेही घरात घेतील असा मनुष्य पाहिजे होता. शिवाय उंची मोजणारा, आखणी करणारा इंजिनिअरही पाहिजे होता. या दोन गोष्टी सेरेसोल यांनी आणल्या, आणि वर टोपलीही उचलली. हिंदुस्थानावर गोऱ्या लोकांचे राज्य असता एक गोरा साहेब हिंदी समितीच्या हाताखाली माती वाहतो, हे दृश्य त्या दिवसांत साधे नव्हते. आणि सुशिक्षित मनुष्याने फावडे धरणे हे तर आपल्याकडे गोऱ्यापेक्षाही काळ्या साहेबांस अधिक अवघड जाते; ही गोष्ट आम्ही कोणाचे नाव न घेता येथे लिहून ठेवतो.

१९३४ ते १९३७ या काळात सेरेसोल यांच्या हिंदुस्थानात तीन खेपा झाल्या. मुझफ्फरपूर जिल्ह्यात पुराच्या पाण्यापासून दूर नवी वस्ती बांधण्यात आली; त्यांतील एका गावास शांतिपूर असे नाव पडले. घरे ज्यांची, त्यांचेच हात कामाला होते. १९४५ साली सेरेसोल निवर्तले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, शेजारच्या जर्मनीची सरहद्द ओलांडून तेथील लोकांशी शांतीविषयी बोलण्याचा प्रयत्न केल्याबद्दल ते पुन्हा तुरुंगात जाऊन आले होते.

बिहारच्या या कामाशी दुसरे एक नाव जोडलेले आहे, आणि हिशेब ठेवणाऱ्या आमच्या बंधूंसाठी ते येथे देतो. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडील ख्रिस्ती घराण्यातले. पुढे वर्ध्यास मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम त्यांनी केले, त्यामुळे विदर्भातील वाचकांस ते परके नाहीत. बिहार समितीचा पैसा त्यांच्या देखरेखीखाली होता. काम करणाऱ्या स्वयंसेवकाच्या खाण्यासाठी दररोज तीन आणे, त्याहून अधिक नाही, असा नियम त्यांनी केला. पुढे गांधीजी व त्यांच्या बरोबरची मंडळी पाटण्यास आली, तेव्हा त्यांचा खर्चही या पैशातून होणार नाही असे कुमारप्पांनी सांगितले. पैसा भूकंपात सापडलेल्यांचा आहे, पाहुण्यांचा नाही. गांधीजींनी याचा राग मानला नाही. २ करिंथाच्या आठव्या अध्यायातील विसावे व एकविसावे वचन वर्गात शिकविताना ही हकिकत सांगावी. आमच्या अनुभवाने टीकाग्रंथापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

कोणी विचारील, मग आपल्यापैकी कोणी असे बाहेर गेले काय? सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली इतर चार हिंदी डॉक्टरांबरोबर चीन देशात गेले, हे बहुतेकांस ठाऊक आहे. ते युद्धातील जखमींच्या सेवेचे काम होते, गरिबी निवारण्याचे नव्हते, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही. एकच गोष्ट घ्यावी. बाकीचे परतले तरी ते राहिले, चिनी भाषा शिकले, तेथेच संसार केला, आणि १९४२ साली ३२ वर्षांचे असता तेथेच वारले. भाषा न शिकता गरिबाच्या घरात शिरणारा मनुष्य, त्या घराचे दुःख दुभाष्याच्या तोंडून जेवढे येईल तेवढेच ऐकतो. आणि दुभाषी पुष्कळदा घरमालकाचा किंवा सावकाराचाच माणूस असतो.

आता जे लिहावयाचे ते अधिक कठीण आहे. सेरेसोल यांच्या वेळी परदेशी जाण्यास आगबोटीचे आठवडे लागत. आज एका रात्रीत विमान पोहोचते. त्यामुळे श्रीमंत देशांतील हजारो तरुण दोनतीन आठवड्यांसाठी गरीब देशांत सेवेस जातात. बहुतेकांचे मन निर्मळ असते. परंतु पंधरा दिवसांत ज्याला विहीर खणता येत नाही, रोग्याला औषध देता येत नाही व भाषा येत नाही, त्याने करावे काय? त्याला मुले खेळविता येतात. म्हणून त्याची पावले अनाथाश्रमाकडे वळतात. आणि जेथे पाहुणे पैसा देऊन अनाथ मुले पाहण्यास येतात, तेथे अनाथ मुले आणून पुरविणारेही निर्माण होतात.

हे आम्ही तर्काने लिहीत नाही. कंबोडिया देशात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या शेकडा ७५ ने वाढली. त्या वर्षांत आईबाप मरण्याचे प्रमाण वाढले नव्हते. वाढले होते ते प्रवासी. आणि चौकशी झाली तेव्हा असे आढळले की, त्यांतील बहुतेक मुलांची आई किंवा बाप, निदान एक तरी, जिवंत होता.

नेपाळची हकिकत याहून बोलकी आहे. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या एका बालगृहात काही महिने सेवेस राहिला. जगाच्या सफरीतला एक मुक्काम म्हणून तो आला होता, हे त्याने आपल्या पुस्तकात स्वतःच लिहिले आहे. तेथील मुले अनाथ आहेत असे त्यास सांगण्यात आले होते. काही काळाने कळले की, ही मुले हुम्ला या दूरच्या डोंगरी मुलखातली; तेथे १९९६ पासून यादवी युद्ध चालू होते, बंडखोर लोक घरटी मुले मागत, आणि एक मनुष्य गावोगाव फिरून आईबापांस सांगे की, मला पैसे द्या, मी तुमच्या मुलास शहरात सुरक्षित ठेवीन व शिकवीन. आईबापांनी होते नव्हते ते विकून पैसे दिले आणि मुले दिली. त्या मनुष्याने मुले शहरात आणून टाकली. युद्ध थांबल्यावर, २००६ साली, ग्रेनन मुलांची छायाचित्रे घेऊन हुम्लात गेला व गावागावांतून पायी त्यांचे आईबाप शोधीत हिंडला. पुढे मुलांस घरी पोहोचविण्यासाठी त्याने संस्थाही काढली. मुले खेळविण्यास आलेला पाहुणा मुलांच्या आईचे दार ठोठावण्यास गेला, ही त्याची खरी सेवा होय.

दरिद्री कुटुंबास साह्य करणे म्हणजे कुटुंब टिकविणे. मूल उचलून चांगल्या इमारतीत ठेवले आणि आई तशीच उपाशी राहिली, तर कुटुंबास साह्य झाले असे म्हणता येत नाही. दुष्काळाच्या काळी जी अनाथगृहे निघाली, त्यांतील पुष्कळ मुलांस खरोखरच मागे कोणी उरले नव्हते. ती गोष्ट निराळी. आज ज्या घरात आई जिवंत आहे, तेथे शाळेची फी, धान्याचे पोते, एक शेळी किंवा बापाच्या दारूवर इलाज, यांतील काय कमी आहे हे आधी विचारावे.

आमच्या उपदेशक बंधूंस हे विशेषेकरून सांगण्याचे कारण असे की, गावात परका मनुष्य आला म्हणजे पहिले दार त्यांचेच ठोठावले जाते. एखादे दिवशी गाडी येते, गोड बोलणारा मनुष्य उतरतो, फोटो दाखवितो, आणि म्हणतो की, तुमच्या मंडळीतील गरिबांची चारपाच मुले आमच्या वसतिगृहात द्या. परदेशातील दाते सर्व खर्च करतील. तुम्ही फक्त ओळखीच्या पत्रावर सही करा. सही करण्यापूर्वी थांबावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलांस ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी झालेली असली पाहिजे, आणि मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. तिच्याकडे चौकशी करावी. आईबाप जिवंत असलेल्या मुलास कागदावर अनाथ लिहिलेले दिसले, तर त्या कागदास हात लावू नये, मग आणणारा कितीही मोठ्या नावाचा असो. तसेच परदेशी पाहुण्याने मंडळीसाठी म्हणून रोकड हातात ठेवली तर घेऊ नये. परदेशी देणगी घेण्यास २०१० च्या कायद्याप्रमाणे संस्थेची नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि येथेही पौलाचा साक्षीदार आठवावा.

चांगला पाहुणा ओळखावा कसा, असे आम्हांस पुष्कळजण विचारतात. तो येण्यापूर्वी विचारतो. आल्यावर गावच्या माणसाच्या हाताखाली काम करतो. जे काम गावचा गवंडी करू शकतो ते गवंड्याकडून मजुरी देऊन करवितो, आणि स्वतः ते करतो जे गावात कोणास येत नाही, किंवा मग गवंड्याच्या हाताखाली बिगारी होतो. मुलांचे फोटो त्यांच्या आईला विचारल्यावाचून काढीत नाही. जाताना काम पुढे कोण चालविणार हे ठरवून जातो. असा मनुष्य आला तर त्याचे मनापासून स्वागत करावे, आपल्या घरची भाकर त्यास द्यावी, आणि ती त्याने संकोच न करता खावी असा आग्रह धरावा. कारण घेणेही त्यास शिकले पाहिजे.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकास बोलू द्यावे. वडील बायकांस विशेषतः विचारावे, कारण घरात साह्य आले म्हणजे ते कोठे जाते हे त्यांस ठाऊक असते. आपल्या गावी पूर्वी बाहेरून जे साह्य आले, त्यातले आज काय उभे आहे व काय मोडून पडले आहे, हे नावनिशीवार आठवून पाहावे. हातपंप, शाळेची खोली, शिवणयंत्रे, जे असेल ते. मोडले असेल तर ते दुरुस्त करण्यास गावात कोणास शिकविले होते काय? आणि उद्या चार परदेशी तरुण पंधरा दिवसांसाठी आपल्या दारी आले, तर त्यांस कोणते काम सांगाल, आणि आजपर्यंत त्या कामाची मजुरी गावात कोण मिळवीत होता?